उपसलेली विहीर

उंबरओढ्याला टँकर पाहिजे म्हणून साहेबरावानं दिवाळीपासून शिरूरच्या कचेरीत खेटे घालायला सुरुवात केली, ते होळी आली तरी चालूच होते. बहात्तरचा दुष्काळ तो. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, आणि चावडीजवळची गावविहीर अशी ठणठणीत कोरडी पडली होती की पोरं खाली उतरून तिच्यात गोट्या खेळायची. गाव कोसावरनं, भीमेच्या डोहातनं बैलगाडीनं पिंपं आणत होतं, आणि डोहही आता तळाला चालला होता.

साहेबराव पंचायत समितीचा सभासद. राखीव जागेवरून निवडून आलेला, बौद्धवाड्यातला, दौंडच्या रेल्वेत काही वर्षं खलाशाचं काम करून परत आलेला. माणूस भलताच चिवट. शिपायानं हाकललं तर दारात बसायचा, साहेब जेवायला उठले तर ते जेवून येईस्तोवर बसायचा. शाळेची नवी खोली त्यानं अशी बसून आणली होती, एसटीचा थांबाही तसाच. कचेरीतले लोक त्याला पाहून कपाळाला हात लावत, पण काम करून टाकत.

टँकर मात्र हलेना. त्याला कारण होतं. गावात एका विहिरीला पाणी होतं, आणि ती विहीर बौद्धवाड्याची होती.

गावविहिरीला वाड्यातल्या माणसानं हात लावायचा नाही, कुणी वरून ओतेल तेव्हा हंडा भरायचा, ही जुनी रीत. धर्म बदलल्यावर वाड्यानं ठरवलं, हे पुरे झालं. बायाबापड्यांनी, पोराटोरांनी कातळ फोडून आपली विहीर खणली. म्हातारी जाईबाई तेव्हाच पन्नाशीला आली होती, तरी तिनं गाळाच्या पाट्या वाहिल्या. त्या दिवसापासून वाड्यातल्या एकाही बाईनं कुणापुढं हंडा धरला नव्हता. असल्या दुष्काळातही त्या विहिरीला पुरुषभर पाणी टिकून होतं.

पाणी बघायला कचेरीचा ओव्हरसिअर आला, त्यानं आत दोर सोडून पाहिला आणि गेला. कचेरीतले साहेब म्हणाले, पुरुषभर पाणी असलेली विहीर गावात असताना टँकर देऊ कुठल्या नियमानं? सगळ्या गावानं तिथंच भरावं. साहेबरावानं तोच निरोप चावडीवर जसाच्या तसा सांगितला आणि वर म्हणाला, "आमची काई ना न्हाई. या, भरा."

सरपंच पोपटराव अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले. बाकीचे आभाळाकडं बघायला लागले, जसं काही ढगच येणार होते. घरात पाण्याचा ठणठणाट, पोरं तहानलेली, बैल हाडं मोजून घ्यावीत असे झालेले, पण वाड्याच्या विहिरीवर हंडा न्यायचा म्हटल्यावर सगळ्यांची दातखीळ बसली. आता काय म्हणावं असल्या लोकांना!

दुसऱ्या दिवशी मात्र आक्रीत घडलं. पोपटराव चार माणसं घेऊन बौद्धवाड्यात आले आणि साहेबरावाच्या ओसरीवर, वाकळेवर टेकले. जन्मात कुणी आलं नव्हतं. गावात त्याला लहानपणापासून सायबू म्हणत. सभासद झाला तरी सायबूच. त्या दिवशी पोपटराव म्हणाले, "साहेबराव, गावाची अब्रू आता तुमच्या हातात हाय."

साहेबराव विरघळला. खोटं कशाला बोला, कुणीही विरघळला असता. त्याची बायको ताईबाई हिनं चहा केला, तर एकाला उपास निघाला, एकाला पित्त, आणि पोपटराव नुकताच घेऊन आले होते. कप तसेच निवले. ते ताईबाईनं पाहिलं. साहेबरावानं पाहिलं नाही, कारण तो ऐकत होता.

पोपटरावांचं म्हणणं साधं होतं. ओव्हरसिअर सोमवारी पुन्हा यायचा आहे. त्याच्या आधी माझं ऑइल इंजिन लावून तुमची विहीर उपसायची. त्याला चिखल दिसला की टँकर मंजूर. जिवंत झरा आहे, आठवड्यात पुन्हा भरेल, मग विहीर तुमची तुम्हाला आणि वर टँकरचं निम्मं पाणीही तुमच्याच विहिरीत. साहेबरावानं एवढंच विचारलं की निम्मं नक्की का. पोपटरावांनी गळ्याची शपथ घेतली.

वाड्यात त्यावर गरमागरमी झाली. जाईबाई काठी टेकत आली आणि म्हणाली, "साहेबा, हाये ते पानी वतून देऊन नसल्यालं मागाय जायाचं? ह्ये कुटलं शानपन?" साहेबरावानं तिला समजावलं. गाव पहिल्यांदा आपल्या दारात आलंय आत्या, म्हणाला, एकदा एका टँकरचं पाणी प्यायला लागले की पुढचंही मिटंल. त्याला तसं खरंच वाटत होतं. आणि दुसरंही एक होतं, ते तो बोलला नाही. इतके महिने कचेरीत बसून एक काम होत नव्हतं, ते त्याला काही झालं तरी करून दाखवायचं होतं. म्हातारी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग काठी उचलून निघून गेली.

रविवारी इंजिन धडधडायला लागलं. पाणी कुठंतरी सोडायलाच हवं. शेजारी पोपटरावांची लिंबोणीची बाग वाळत होती, तिच्यात सोडलं. वाया कशाला घालवायचं, असं सगळेच म्हणाले. वाड्यातली पोरं पाटात लोळली, नाचली, कितीतरी दिवसांनी अंगभर भिजली. बाया काठावर उभ्या राहून बघत होत्या. दिवस मावळायला तळाचा चिखल उघडा पडला आणि इंजिन बंद झालं.

ओव्हरसिअरनं चिखल पाहिला. टँकर मंजूर झाला.

पहिला टँकर आला त्या दिवशी गावानं हलगी लावली. पोपटरावांनी चाकाखाली नारळ फोडला, साहेबरावाला टोपी-उपरणं दिलं. अंगाला हात न लागू देता उपरणं खांद्यावर टाकायची हातोटी त्यांना चांगली होती. भाषणात ते म्हणाले की साहेबरावांसारखा झुंजार सभासद तालुक्यात नाही. टाळ्या पडल्या. ड्रायव्हरनं गावविहिरीत नळी सोडली आणि सगळा टँकर तिथं रिकामा केला. निम्म्याचं काय, असं साहेबरावानं हळूच विचारलं, तर पोपटराव म्हणाले पुढच्या खेपेला बघू. पुढच्या खेपेला ड्रायव्हर म्हणाला, मला हुकूम एकाच ठिकाणचा आहे. त्याच्या पुढच्या खेपेला साहेबरावानं विचारलंच नाही.

वाड्याच्या विहिरीचा झरा काही उसळला नाही. आठवडा गेला, मग दुसरा, तळाचा चिखल वाळून भेगाळला. बौद्धवाड्यातल्या बाया रिकामे हंडे घेऊन गावविहिरीपासून लांब, वडाखाली उभ्या राहायला लागल्या. गावाचं भरून झालं की कुणीतरी यायचं आणि वरून धार धरायचं. ताईबाई त्यांच्यातच उभी असायची, सभासदाची बायको. हे सगळं कायद्याविरुद्ध होतं. कायदा साहेबरावाला तोंडपाठ होता, पण तो कायदा शिरूरला राहत होता आणि हंडा इथं भरायचा होता.

त्याला राग यायला हवा होता. आला नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, आपलाच असून आपला वाटत नाही, तसं त्याला आतून झालं होतं. जेवायला बसला तर भाकरीची चव लागेना. जाईबाई समोरून गेली तर ही कोण म्हातारी, असं क्षणभर वाटायचं. ताईबाई त्याच्याशी बोलायची ती फक्त मीठ हवं का, एवढंच.

अखेर तो शिरूरला गेला. या खेपेला शिपायानं अडवलंसुद्धा नाही. साहेबरावानं मागणी मांडली, की एक खेप वाड्याच्या विहिरीत सोडावी. साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, ओव्हरसिअरनं आधी पाहिलं तेव्हा पुरुषभर पाणी होतं, दुसऱ्यांदा पाहिलं तर चिखल. मला तेव्हाच शंका आली होती. मग थोडं पुढं वाकून त्यांनी विचारलं, "साहेबराव, तुमची विहीर आटली होती की आटवली होती? खरं सांगा. मी आजच्या आज चौकशी लावतो."

खरं सांगितलं असतं तर पोपटराव अडकले असते. त्यांच्याबरोबर तोही अडकला असता, आणि वाड्याला विहीर उपसायला लावणारा म्हणून त्याचंच नाव पहिलं आलं असतं. चौकशी संपेस्तोवर टँकर बंद. मग गावाला पाणी नाही, वाड्यालाही नाही, आणि साऱ्या गावाचा राग वाड्यावर. गाव काय करील हे त्याला सांगायची गरज नव्हती. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. आपण घाबरलोय की काय, हे तो आत चाचपून बघत होता, पण तिथं काहीच हाताला लागत नव्हतं.

"आटली होती, सायेब," तो म्हणाला.

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. मग एका गावाला एकच टँकर आणि एकच जागा, म्हणाले, त्याला माझा इलाज नाही.

संध्याकाळच्या एसटीनं तो परतला. ताईबाई चुलीपुढं बसली होती. सायेब काय म्हणाले, असं तिनं विचारलं. बघू म्हणाले, असं तो म्हणाला. तिनं लाकूड आत सारलं. मग मान न वळवता म्हणाली, "उद्या पान्याला तुमी जा."

सकाळी तो गेला. डोक्यावर सत्काराची टोपी होती, हातात हंडा होता. वडाखाली बायांच्या रांगेत तो एकटाच बाप्या. बायांनी पदर ओढले आणि त्याला जागा करून दिली, जाईबाईच्या मागं. गावाचं भरून झालं तशी पोपटरावांची बायको कस्तुराबाई भरलेली घागर घेऊन आली. तिनं एकेकीच्या हंड्यात धार सोडली आणि त्याच्यापाशी येऊन थांबली. तिनं त्याला ओळखलं. लहानपणापासून बघत होती.

"हंडा जरा तिकडं सरकव, सायबू," ती म्हणाली. "शिंतोडं उडत्यात."

साहेबरावानं हंडा सरकवला आणि दोन पावलं मागं होऊन उभा राहिला.