खालून येणारा वारा

कानाचं ऑपरेशन झाल्यापासून नर्सबाई नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसल्या नव्हत्या. हेल्मेटमध्ये वारा घुमला की त्यांचं डोकं भणभणायचं. मग नवऱ्यानं एकट्यानं जाणंही सोडलं. "गुडघे दुखतात," म्हणायचा. बत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला थाप कळत नाही थोडीच! त्यानं गाडी विकायचं काढलं, तशा त्या तडक गॅरेजमध्ये गेल्या.

"पुढची काच उंच करून बघितली, काही उपयोग नाही," त्यांनी मिस्त्रीला सांगितलं.

"काकू, वारा वरून येतच नसेल तर काच बिचारी काय करणार? रविवारी दोघं या. येताना लोकर आणा."

रविवारी वारा कुठून येतो ते दिसावं म्हणून मिस्त्रीनं गाडीभर लोकरीचे वीतभर तुकडे चिकटवले.

"आता गाडीला एक कानटोपीही विणा," नवरा ओशाळून म्हणाला.

तो गाडी चालवत होता आणि मिस्त्री स्कूटरवरून शेजारी राहून बघत होता. हँडलखालची लोकर भेदरलेल्या मांजराच्या शेपटीसारखी ताठ उभी!

"सापडला चोर!" मिस्त्री ओरडला. टाकीच्या पुढच्या फटीतून वारा वर चढत होता आणि थेट हेल्मेटवर आदळत होता.

त्यानं दोन्ही बाजूंना वारा वळवणारे पारदर्शक प्लास्टिकचे पंख बसवले. पण हँडल वळवलं की डावा पंख हॉर्नला घासायचा. "चालेल हो तेवढं," नवरा म्हणाला.

"काका, हँडल अडकलं तर कान राहील, डोकं जाईल." मिस्त्रीनं तो काढला, लोखंडी पट्टी वाकवून नवा आधार केला, कानशीनं घासला, पंख परत बसवला आणि हँडल दोन्हीकडे पुरतं फिरवून पाहिलं. जेवायची वेळ टळून गेली.

नर्सबाई जीव मुठीत धरून मागे बसल्या. गाडीनं वेग घेतला. वारा होता, पण बाजूनं निघून जात होता. आणि पुढून काहीतरी ऐकू येत होतं.

"अहो, किती बेसूर गाताय!"

नवऱ्यानं गाडी कडेला घेतली. वळून बघताना त्याचे डोळे भरले होते. "ऐकू आलं तुला?"

"दुर्दैवानं," त्या म्हणाल्या आणि हसता हसता रडल्या.

परत आल्यावर आभार मानायला त्यांनी मिस्त्रीचा हात धरला, तर अंगठा कापलेला.

"राहू द्या काकू, आमचं रोजचंच आहे."

"दवाखान्यात माझंही रोजचं काम हेच होतं की." त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, जखम धुतली आणि नीट पट्टी बांधली. शनिवारी नवरा-बायको मुलीकडे निघाले, गाडीवरूनच.