लेकीला तीन दिवस

मोबाईल पालथा ठेवून द्वारकाबाई उठल्या, न्हाणीत गेल्या आणि नेसत्या साडीनिशी डोक्यावरून पाणी घेतलं. दुपारचे चार वाजले होते. मशीनवर फॉल-पिकोला आलेली गिऱ्हाइकाची साडी अर्धवट लोंबत होती.

संध्याकाळी नवरा, बद्रीनाथ, वाळूजच्या कंपनीतून परतले. छावणी भागातल्या त्या दोन खोल्यांत पाऊल टाकताच ते थबकले. देवघरात अंधार होता. सव्वीस वर्षांत तिन्हीसांजेचा दिवा कधी चुकला नव्हता. अडचणीच्या दिवसांतही द्वारकाबाई शेजारच्या सोनियाला हाक मारून लावून घेत.

"दिवा नाय लावला?"

"सुतक हाय."

"अरे देवा! कोण गेलं? कारभारी बरा हाय ना?" कारभारी म्हणजे कन्नड गावी राहणारा द्वारकाबाईंचा धाकटा भाऊ.

द्वारकाबाईंनी नाव सांगितलं. बद्रीनाथ बघतच राहिले, मग त्यांना हसू फुटलं.

"टीव्हीवाला? अगं, त्याला तू कधी दिसली तरी होती का?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी."

द्वारकाबाईंच्या लहानपणी सांडू पाटलांच्या ओट्यावर गावातला एकुलता एक टीव्ही असायचा. गुरुवारी लागणाऱ्या मालिकेत हे नट पोस्टमन होते. प्रत्येक भागाच्या शेवटी घरी यायचे, खाकी पिशवी खुंटीला अडकवायचे आणि समोर बघून विचारायचे, 'जेवलात का रे पोरांनो?' पडद्यावरची पोरं तोंड उघडायच्या आत अंगणात बसलेली द्वारका आणि कारभारी ही भावंडं ओरडायची, 'जेवलो!' तेव्हा आई साखर कारखान्याच्या कँटीनमध्ये दुसऱ्यांच्या भाकरी थापत असायची. ती येईपर्यंत घरची चूल थंडच. पण दिवसभर सायकल मारून आलेल्या माणसाच्या जिवाला घोर कशाला लावायचा?

खऱ्या वडिलांचा तर घरात एक फोटोदेखील नव्हता.

"हे बघ," बद्रीनाथ जरा नरमाईनं म्हणाले, "तुझे वडील तू तीन वर्षांची असतानाच गेले की."

"तवा सुतक आईनं धरलं. मला काय कळत हुतं? माझं ऱ्हाऊनच गेलं." त्यांचा आवाज चढला नाही. "लेकीला तीनच दिवस असतंय. रविवारी फिटंल. तुम्हाला हसायचं तर हसा."

बद्रीनाथ हसले नाहीत. पायातली चप्पल तशीच ठेवून ते उंबऱ्याशी गेले.

"सोनिया, जरा आमच्यात दिवा लावती का गं?"

"लावते की. काकू गावाला गेल्या का?"

"नाय. सुतक आलंय."

"अगंबाई! कोण वारलं?"

बद्रीनाथांनी एकदा आत वळून पाहिलं.

"माझे सासरे," ते म्हणाले.

आत द्वारकाबाईंनी इतका वेळ आवळून धरलेला हुंदका फुटला.

सोनिया दिवा लावून गेली तेवढ्यात फोन वाजला. कारभारी होता.

"आक्का, डोक्यावरून पाणी घेतलं?"

"घेतलं. तू?"

"मी बी. घरातले हसायलेत मला."

 पलीकडे कन्नडच्या स्टँडवर कुठल्याशा गाडीचा पुकारा चालला होता.

"आक्का..."

"काय रे?"

"जेवलीस का?"

गुरुवारचा उपास सोडायचा तसाच राहिला होता. गॅस पेटलाच नव्हता. द्वारकाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, घसा साफ केला.

"जेवलो," त्या म्हणाल्या.