शुक्रवारपर्यंतचा शब्द

बायकोला, केझायाला, सोमवारी पुरलं आणि बुधवारी एफ्राइम टॅनक मेलबर्नच्या विधानसभेत परत आला. घरी बसून करायचं काय, हे सुचेना, म्हणून आला. नखांत अजून कबरीची पिवळी माती होती.

बायको अंथरुणाला खिळली तेव्हा त्याने विरोधी बाकावरच्या फेअरबेर्नशी जोडी बांधली होती. शुक्रवारपर्यंत दोघांनीही मत द्यायचं नाही, म्हणजे कुणाचंच नुकसान नाही. असल्या गोष्टी तिथे तोंडीच ठरत.

मतदानाची घंटा वाजू लागली होती. टॅनकच्या पक्षाचा प्रतोद डोलन त्याला सभागृहाच्या दारातच भेटला.

"देवच पावला! जमिनीचं विधेयक आलंय. विरोधक एका मताने पुढे आहेत. तू आलास की बरोबरी, मग निर्णायक मत सभापतींचं, आणि ते आपल्या बाजूचे. चल आत."

"माझी फेअरबेर्नशी जोडी आहे."

"अरे, बायकोसाठी होती ना ती? आता कसली जोडी!" डोलन बोलून गेला आणि खाली बघू लागला.

व्हरांड्यातल्या बाकावर फेअरबेर्न मांडीवर टोपी ठेवून बसला होता. मेंढ्यांच्या कुरणांचा मालक, विधेयक पडावं असं सगळ्यांत जास्त त्यालाच वाटत होतं.

"जायचं तर जा, टॅनक," तो म्हणाला. "मी कुठे बोलणार नाही."

"आणि तू?"

"मी इथेच. शब्द दिलाय."

टॅनक त्याच्या शेजारी बसला. कुरणांची जमीन तोडून खाणवाल्यांना देणाऱ्या याच विधेयकासाठी तो निवडून आला होता. सोनं संपल्यावर उघड्यावर पडलेले चारशे खाणवाले त्याच्या भरवशावर होते. पस्तिसाव्या वर्षी केझायाने त्याला अक्षरं शिकवली, तीही असले कायद्याचे कागद वाचता यावेत म्हणून. हे सगळं त्याला आठवलं, पण दुसऱ्या कुणाचं असावं तसं. घंटा थांबली. दारं लागली.

विधेयक एका मताने पडलं.

"मेलेल्या बाईपायी चारशे घरं बुडवलीस," डोलन म्हणाला. राग यायला हवा होता. टॅनकने थोडा वेळ वाट पाहिली. आला नाही.

दुसऱ्या दिवशी गावच्या फलाटावर खाणवाला मॅकगर्क आणि आणखी तिघे उभे होते. केझायाची कबर त्यांनीच खणली होती. जातानाही त्याची पिशवी त्यांनीच गाडीत चढवली होती.

"काय झालं, एफ्राइम?"

"पडलं. एका मताने."

"तू होतास ना तिथे?"

"होतो. दाराबाहेर. फेअरबेर्नला शब्द दिला होता."

"फेअरबेर्नला," मॅकगर्क म्हणाला. "आणि आम्हाला रे?"

पिशवीला कुणी हात लावला नाही. टॅनकने ती स्वतः उचलली. तिचं वजनही त्याला जाणवलं नाही.