डोळ्यांच्या जागची रेघ

दत्तराव मास्तर मूळचे वालूरचे, पण हैदराबादेच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून शिकवून त्यांची बोली पार धुऊन निघाली होती. निजामी गेली, पुढं राज्यांची मोडतोड होऊन मराठवाडा मुंबईला जोडला गेला, आणि मास्तर औरंगाबादेत आले. एवढ्या उलथापालथीत माणसाला घोर कशाचा असावा? तर जिंतूरच्या डोंगरातल्या एका भुयारात राहणाऱ्या, मुंगळ्याएवढ्या किड्यांचा. डोंगराखालच्या धनगरवाडीनं आधी त्यांना जमीन मोजायला आलेला साहेब समजून चार हात लांब ठेवलं. मग हा माणूस भुयारात मडकी पुरतो, त्यात गुळाचं पाणी ठेवतो आणि पडलेले किडे चिमट्यानं जपून उचलतो, हे लोकांनी पाहिलं. मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं एकमतानं ठरलं आणि सगळे निर्धास्त झाले.

रायभान मेंढरं भावाच्या हवाली करून मास्तरांबरोबर कंदील धरून आत जायचा. त्याची बायको भिवराबाई दुपारी दोघांची भाकर घेऊन भुयाराच्या तोंडाशी यायची. ती यायची, पण जीव घरी ठेवून यायची. तिच्या एकुलत्या एका लेकीला, कमलला, देवी आल्या होत्या.

देवी आल्या की काय करायचं हे वाडीत कुणाला शिकवावं लागत नसे. भिवराबाईच्या सासूनं, भागुबाईनं, पोरीला आतल्या अंधाऱ्या खोलीत निजवलं, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, घरातली फोडणी बंद केली. आणि परक्या माणसापुढं याचा उच्चार करायचा नाही, केला तर देवीआई रुसते, हेही सगळ्यांना बजावलं. फोड सुकले, खपल्या पडल्या, पोर जगली. पण डोळे लालभडक होऊन गळत होते आणि दारातून उजेडाची तिरीप आली तरी ती किंचाळायची. भागुबाई तिच्या तोंडावर पदर धरून बसायची. आईनं निरोप घेतल्याबिगर दार उघडायचं न्हाई, हे तिचं एकच पालुपद होतं.

अशात एका दुपारी भिवराबाई भाकर घेऊन गेली, तर मास्तर भुयाराबाहेर दगडावर बसून भिंगातून पाहत होते. पुढ्यात काचेच्या कुप्या होत्या.

"काय बगायलाव इतकं, मास्तर?" तिनं विचारलं.

मास्तरांना विचारणारं कुणी भेटलं की झालंच. त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं आणि एक तांबूस, लांब पायांचा किडा खाली धरला. "डोळे शोधा," ते म्हणाले. भिवराबाईनं शोधले. डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी नुसती फिकट रेघ होती, जुनी जखम भरून आल्यासारखी. मग मास्तरांनी ओढ्याकाठच्या दगडाखाली सापडलेला काळा किडा दाखवला. त्याला दोन्ही बाजूंना टपोरे डोळे होते.

"हे दोघे भाऊबंद आहेत असं मला वाटतं," मास्तर म्हणाले. "पंखांवरच्या रेघा बघा, पायाची पेरं बघा, सगळं जुळतंय. पण मोठमोठे पंडित काय करतात, किडा आंधळा दिसला की सगळ्या आंधळ्यांना एका घराण्यात घालून मोकळे होतात. मला दाखवायचंय की हा याच ओढ्याचा. आत गेला, अंधारात राहिला, म्हणून त्याचे डोळे गेले."

भिवराबाईनं भिंग खाली घेतलं. "अंधारात राह्यलं की डोळे जातेत?"

"जातात. उपयोगच नसला तर राहतील कशाला?" तिच्याकडं न पाहताच मास्तर म्हणाले. ते किड्याच्या कपाळावरचे केस मोजत होते.

किती दिसांत जातेत, हे तिला विचारायचं होतं. पण कशासाठी विचारता, असं ते म्हणाले असते. मग घरातली देवी तोंडावर आणावी लागली असती. एवढा एक प्रश्न विचारला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण जन्मभर पाळलेली रीत अशी जिभेवरून खाली उतरत नाही. ती भाकर ठेवून निघाली.

घरी येताच तिनं आतलं दार सताड उघडलं. भागुबाई हात पसरून आडवी झाली.

"सरका आत्याबाई. तुमच्या अंधारानं माज्या लेकीचे डोळे जायलेत."

"डोकं फिरलंय का तुजं?"

"शिकल्याला माणूस सांगायलाय. म्या माज्या डोळ्यानं बगून आले."

तिनं पोरीला उचलून अंगणात आणलं. फाल्गुनाचं ऊन होतं. कमल आईच्या छातीत तोंड खुपसायला लागली, तर तिनं ते वळवून उन्हाकडं धरलं. बघ माय, डोळे उघड, उजेड बघ, असं ती रडत रडत म्हणत होती आणि पोरीचे हात खाली दाबत होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मेंढवाड्यातली मेंढरं अंगणावरून जायची, धुळीचा लोट उठायचा, माश्या बसायच्या. हात सुटले की पोर डोळे चोळून चोळून रक्त काढायची. बघता बघता एका डोळ्यात पांढरं फूल पडलं, आणि मग दुसऱ्याचं बुबुळच फुटलं. जिंतूरच्या डॉक्टरनं पापण्या वर करून पाहिल्या आणि फार उशीर झाला म्हणाला.

उशीर झाला म्हणजे बाहेर काढायला उशीर झाला, भिवराबाईला दुसरा अर्थ सुचलाच नाही. आणखी आधी दार उघडलं असतं तर, हे तिच्या मनानं घेतलं आणि सगळं खापर सासूवर फुटलं. विहिरीवर, बाजारात, पाहुण्यारावळ्यांत ती एकच सांगायची, म्हातारीनं माझ्या पोरीचे डोळे खाल्ले. भागुबाई सुरुवातीला देवीची शपथ घेऊन भांडली. मग शिकलेल्या माणसाच्या शब्दापुढं ती हरली आणि तिलाही ते खरं वाटायला लागलं. गोठ्याच्या पडवीत तिनं वेगळी चूल मांडली. सून तिच्या हातचं पाणीसुद्धा पीत नव्हती. कमल मात्र हातानं भिंत चाचपत आजीकडंच जाऊन बसायची, आणि त्यानं भिवराबाईचा आणखी जळफळाट व्हायचा.

मास्तर त्याच आठवड्यात कुप्या बांधून औरंगाबादेला गेले होते, ते वर्षानं परत आले. येताना जिंतूरहून पेढे आणले होते. रायभान मेंढरांमागं रानात होता, म्हणून त्यांनी भिवराबाईलाच सांगितलं, की नेलेल्या किड्यांत नर सापडले, त्यांच्या पोटातला जात ओळखायचा अवयव सोडवून ताडून पाहिला, आणि आता शंका नाही. किडा ओढ्याकाठच्यांचाच भाऊबंद, पण जात नवी. माणूस आनंदानं फुलला होता. तेवढ्यात भिंतीच्या कडेकडेनं कमल पडवीकडं गेली आणि मास्तरांचा हात पेढ्याच्या पुड्यावरच राहिला.

"हे काय झालं?"

आता देवी जाऊन वर्ष झालं होतं, बोलायला हरकत नव्हती. "देवी आल्या व्हत्या. सासूनं अंधारात कोंडलं, डोळे गेले. तुमच्या किड्यावानी."

"अंधारानं?" मास्तर म्हणाले. "अहो, अंधारानं माणसाचे डोळे जात नाहीत. त्या किड्यांच्या लाखो पिढ्या आत गेल्या, तेव्हा कुठं ते झालं. एका जन्मात काही होत नाही. उलट देवीत डोळे आले असतील तर अंधारच बरा. ऊन, धूळ, चोळणं, त्यानंच बुबुळ जातं. सासूबाईंनी आत ठेवलं ते चांगलंच केलं."

भिवराबाई खाली बसली.

"म्या तिला भाईर काढलं," ती म्हणाली. "उन्हात धरलं. हात दाबून धरलं. तुमीच म्हनला व्हता."

"मी किड्याचं सांगत होतो, बाई." मास्तरांचा चेहरा उतरला. "तुम्ही मला पोरीचं काहीच..."

"न्हाई सांगितलं. सांगायचं नसतंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता एक करा. हे आत्याबाईला सांगा. त्येंचा काय बी दोष नव्हता म्हनून सांगा. मला तोंड न्हाई."

मास्तर उठले आणि पडवीत गेले. भिवराबाई भिंतीच्या अलीकडं उभी राहिली. मास्तर अडखळत सगळं सांगत होते. आपलं अर्धवट बोलणं, ते ऊन, ते दाबून धरलेले हात, सगळं. म्हातारी चुलीत लाकूड सारत ऐकत होती.

"मास्तर," भागुबाई शेवटी म्हणाली, "मला सांगितलं तेवढं बास झालं. पोरीला सांगू नगा, निजलीय ती. मी आज हाय, उद्या न्हाई. तिला आता मायच हाय."

भिवराबाईनं भिंतीआडून डोकावून पाहिलं. चुलीपाशी, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून कमल पडली होती, आणि ती जागी होती.