सावलीत सुकवायचं बी

काळ्या भुकटीचं पाकीट हातात देताना लेकीने तीनतीनदा बजावलं होतं, "बाबा, साखरेच्या पाण्यात कालवा, घासाच्या बियाण्याला हलक्या हाताने चोळा आणि सावलीत सुकवा. सावलीत बरं का! आत जिवंत जिवाणू आहेत. तेच मुळांवर गाठी करून रोपाला खत पुरवतात."

"पांघरूण घालू का त्यांना?" म्हाताऱ्याने टोला हाणला होता.

पण हाडीमाशी खिळलेली सवय ऐकते थोडीच! ओलं बी दिसलं की उन्हात टाकायचं, हे तो साठ वर्षं करत आला होता. चोळून काळं झालेलं ते लसूणघासाचं, गुरांच्या चाऱ्याचं बी त्याने पत्र्यावर पसरलं आणि भर दुपारचं कडक ऊन दाखवलं. त्याआधी म्हातारीने गोठ्यामागच्या वाफ्यासाठी त्यातलं वाटीभर घरात नेलं होतं, तेवढंच काय ते वाचलं.

दीड महिन्यात शेतातला घास पिवळा पडला, खुरटला. "लेकीचं पाकीट काही कामाचं नाही," असं म्हातारा दूध घालायला जाई तिथे चारचौघांत बोलूनही आला आणि ते लेकीच्या कानावर गेलं.

रविवारी लेक आली. त्याने रोप उपटायला हात घातला तशी ती ओरडली, "उपटू नका! गाठी तुटून मातीतच राहतात." तिने खुरप्याने मातीसकट रोप काढलं, बादलीत हलकेच धुतलं. मूळ बोडकं होतं, एकही गाठ नाही. दुसरं काढलं, तिसरं काढलं. तेही तसंच.

ती बांधावर मटकन बसली. "प्रयोगशाळेत मी एकटीने केलेला हा पाकिटांचा पहिलाच घाणा. माझंच काहीतरी चुकलं. उद्या तिथल्या मोठ्या बाईंना सांगते, सगळी पाकिटं फेकून द्या."

म्हातारा तिच्याशेजारी टेकला. सगळीकडे तिचं नाव आपणच खराब केलं होतं.

"चिमे, तुझं नाही चुकलं. मी उन्हात वाळवलं बी."

"मला सांभाळून घेऊ नका, बाबा. लहान नाही मी आता."

आता काय करावं? खरं बोलला, तर तेच खोटं ठरलं. तेवढ्यात म्हातारीने गोठ्यातून हाक मारली, "अहो, तिला इकडे तरी आणा! माझा वाफा बघू दे."

गोठ्यामागचा घास गुडघाभर, हिरवागार होता. लेकीने रोप काढून धुतलं. मुळांवर बारीक गाठी लगडल्या होत्या. एक तिने नखाने फोडली. आत गुलाबी, म्हणजे जिवाणू कामाला लागल्याची खूण.

"आई, हे बी कुठलं?"

"त्यातलंच. मी घरात सुकवलं. यांनी पत्र्यावर भाजलं."

लेक आधी हसली, मग तिने डोळे पुसले. "बाबा, उद्या दूध घालायला जाल तेव्हा हेही सांगा."

"सांगतो बाई. नाक घासून सांगतो."

तिच्या पिशवीत अजून एक पाकीट होतं. ते ओल्या शेणखतात कालवून रोपांच्या ओळीत टाकायचं आणि वर पाणी सोडायचं, म्हणजे थोडंफार तरी सावरेल, असं ती म्हणाली. लेक कालवत होती आणि म्हातारा स्वतः उन्हात उभा राहून घमेल्यावर छत्री धरत होता.

शेजारी बांधावरून ओरडला, "काका, डोक्यावर धरा की!"

"मला काय होतंय? हे लेकीचे पाहुणे आहेत. एकदा भाजलेत मी!"