पाचशे बारा

माझी धाकटी बहीण जॅमच्या बाटल्या भरता भरता कोसळली. मी त्याच कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी. पंधरा वर्षांनी धाकटी, मीच पोरीसारखी वाढवलेली. टेम्पोत घालून तिला दवाखान्यात, तातडीच्या विभागात आणलं. अंग घामानं चिंब, हाकेला ओ नाही.

नर्सबाईंनी तिच्या बोटाला स्पिरिट फिरवलं, सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. रक्तातली साखर मोजायचं, मुठीत मावेल एवढं मशीन वाजलं.

"पाचशे बारा! काय आजोबा, फार लाड केलेत वाटतं बहिणीचे?"

"लाड कसले? सकाळी इन्सुलिन टोचून घेतलं आणि तशीच कामाला पळाली. डबासुद्धा उघडला नाही. साखर आली कुठून?"

"जॅमच्या कारखान्यात राहून हे मला विचारता?" बाई हसल्या. "इथं येणारा प्रत्येक जण उपाशीच असतो. मशीनला विचारा."

मशीन खोटं कशाला बोलेल, म्हणून मी बाजूला सरलो.

डॉक्टर शेजारच्या खाटेवर एकाच्या डोक्याला टाके घालत होते. आकडा ऐकून त्यांनी तिथूनच इन्सुलिन द्यायला सांगितलं. बाईंनी सिरिंज भरली.

मी बहिणीचा हात हातात घेतला. "चिमे, ऊठ गं." माझा अंगठा तिच्या टोचलेल्या बोटाला चिकटला. सोडवला तर बारीक तार निघाली. नखाच्या कडेला जॅम तसाच.

"बाई, थांबा! हिच्या बोटाला जॅम आहे, हात धुतलेला नाही!"

"स्पिरिट लावलंय की."

"तरी चिकटच आहे. पाण्यानं धुवा एकदा. पाया पडतो."

डॉक्टर उठून आले. त्यांनी तिचं बोट चोळून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. दुसरा हात साबणानं धुतला, पुसला, पुन्हा टोचलं.

अठ्ठावीस.

डॉक्टर ओरडले, "आधी ती सिरिंज ठेवा! आता इन्सुलिन दिलं तर जाईल ही! ग्लुकोज आणा, ग्लुकोज!"

शिरेतून ग्लुकोज गेलं. थोड्या वेळानं चिमीनं डोळे उघडले. "दादा, असा काय बघतोस भूत बघितल्यासारखा?"

मी तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "आजोबा, मी टोचणारच होते हो."

"मीही टोचू देणारच होतो," मी म्हणालो आणि खाली फरशीवरच बसलो.