बेडकाचं पाणी

आमचा किमचीचा फ्रीज बंद पडला तेव्हा माझा पहिला संशय सासूबाईंवर गेला. खोटं कशाला सांगू? दोष द्यायला घरातलं माणूस असताना लांब कशाला जायचं.

तीनच आठवड्यांपूर्वी आम्ही दोघींनी मागच्या बाल्कनीत चाळीस कोबी मिठाच्या पाण्यात बुडवले होते. दुसऱ्या दिवशी धुऊन, पानापानांत लाल मसाला भरून वर्षाची किमची, म्हणजे आमचं आंबवलेलं कोबीचं लोणचं, तिथल्याच त्या फ्रीजमध्ये रचली होती. आणि डिसेंबरच्या मध्यावर बघतो तर दिवा गेलेला, मागची सगळी जोडणी हिरवी-तांबडी गंजलेली आणि शेजारच्या बॉयलरच्या उबेनं डबे आंबून फुगलेले. कोबीचं खारं पाणी कुणी कुठे हिंदकळवलं असेल ते मला न सांगता कळत होतं.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच.

"बेडकानं खाल्ला," त्या म्हणाल्या.

बेडूक म्हणजे ओल पिणारा डबा. वर हिरव्या बेडकाचं चित्र, आत पांढरे खडे. हवेतली ओल पिऊन पिऊन त्या खड्यांचं पाणी होतं. आमचं गुनसान कोरियाच्या किनाऱ्यावरचं, समुद्राची हवा, त्यामुळे कपाटात, चपलांच्या खणात, घरोघरी हे बेडूक बसलेले असतात. आमच्या फ्रीजवरच्या फळीवरचा एक मागच्या बाजूला आडवा पडलेला सापडला, आणि त्यात थेंब उरला नव्हता.

"डब्यावर काय लिहिलंय वाच," सासूबाईंनी भिंग माझ्या हातात दिलं. "आडवा झाला तरी सांडत नाही. मग हा सांडला कसा? बेडकाच्या कंपनीनं फ्रीजची भरपाई द्यायला पाहिजे."

"आई, अहो, कोबीच्या दिवशी पाणी उडालं असेल."

"माझ्या हातून? पन्नास वर्षं कोबी खारवतेय मी. थेंब सांडला नाही."

माझ्या मनात हिशेब चालूच होता. ऑक्टोबरात घराच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात निघाल्या होत्या. एकदा शेवाळाचं सूप गॅसवर ठेवून त्या देवळात निघून गेल्या होत्या. दाबीनच्या बाबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, आरोग्य केंद्रात त्यांच्या स्मरणशक्तीच्या तपासणीचा गुरुवार ठरवून टाकला होता. तपासणीत काही निघालं तर पुढे काय, हेही ठरलेलं होतं. नणंदेनं इक्सानजवळचा वृद्धाश्रम बघून ठेवला होता, आणि फोनवरचं बोलणं सासूबाईंनी भिंतीआडून ऐकलं होतं. कान मात्र त्यांचे शाबूत आहेत.

म्हणूनच त्या फ्रीजमागे हात धुऊन लागल्या होत्या. आपण पाणी सांडून विसरलो नाही, एवढं त्यांना गुरुवारच्या आत सिद्ध करायचं होतं.

सोमवारी बेडूकवाल्या कंपनीचा माणूस आला. ग्वाक नाव. बुटांची टोकं दाराकडे करून ठेवली, दोन्ही हातांनी कार्ड दिलं आणि एकदाही हसला नाही. तोंडात साखर आणि डोळ्यांत पोलीस. फ्रीजमागे टॉर्च मारला, एका पांढऱ्या चिंधीनं तिथली ओल पुसली, जिभेला जेमतेम लावली आणि थुंकला.

"खारट आहे, आजी."

"असणारच. तुमच्या बेडकाचं पाणी खारटच असतं."

"कोबीचंही असतं." त्यानं बाल्कनीच्या कोपऱ्यातली लाल रबरी घमेली बघून घेतली. "या महिन्यात अशा आठ तक्रारी आल्या. आठही किमचीच्या हंगामानंतर. नवल आहे की नाही?"

"म्हणजे मी लबाड?"

"मी तसं कुठे म्हटलं? वय झालं की माणूस विसरतं."

हे वाक्य त्यानं माझ्याकडे बघून म्हटलं, आणि मी मान हलवली. आज ती मान आठवली की मला माझीच लाज वाटते.

त्यानं चिंधी कागदी पाकिटात घातली, पाकीट बॅगेत टाकलं आणि 'तक्रार मागे घेतली' असा कागद पुढे केला. सासूबाई कागदाला शिवल्या नाहीत.

"परवा या. तेव्हा सही देते."

"परवा काय बदलणार आहे, आजी?"

"परवा या म्हटलं ना."

तो गेल्यावर त्यांनी दोन बशा काढल्या. एकीत आमचंच कोबीचं मीठ पाण्यात विरघळवून ओतलं, दुसरीत फ्रीजखालून चमच्यानं गोळा केलेलं पाणी. दोन्ही बशा त्यांच्या खोलीत, जिथे खालून फिरणाऱ्या बॉयलरच्या पाण्यानं जमीन सर्वांत तापते आणि जिथे त्या झोपतात, तिथे मांडल्या आणि स्वतः गादी ओढून थंड कोपऱ्यात गेल्या. दाबीन विचारायला लागली, आजी भातुकली खेळतेय का? मी तिला गप्प केलं, पण माझ्याही मनात पाल चुकचुकली. बाई आता खरंच भ्रमिष्ट व्हायला लागली की काय?

बुधवारी संध्याकाळी सहाला ग्वाक आला. हेही कामावरून लवकर आले होते. उद्या आईला नेताना चिडचिड नको म्हणून आज समजूत घालायला.

सासूबाईंनी दोन्ही बशा त्याच्यापुढे ठेवल्या. पहिलीत मिठाचा पांढरा पापुद्रा धरलेला, नखानं खरवडला तर कोरडा भुगा. दुसरीत पाणी होतं तसंच, तेलासारखं चिकट.

"दोन दिवस तापल्या जमिनीवर ठेवलंय," त्या म्हणाल्या. "कोबीचं पाणी वाळतं आणि मीठ मागे ठेवतं. हे हवेतली ओल पीतच राहतं, वाळायचं नाव घेत नाही. हे कोबीचं कसं?"

"आजी, त्यात तुम्ही काय घातलंय मला काय माहीत?" ग्वाक म्हणाला. "तेलही असेल."

"मग माझ्या बशीवर विश्वास ठेवू नका. तुमच्या बॅगेतली ती चिंधी काढा."

त्यानं बॅग उघडली. कागदी पाकिटावर मोठा ओला डाग पडला होता आणि बॅगेतल्या फायलीचा कोपराही ओला झाला होता. चिंधी सोमवारी होती तशीच, ओलीकच्च.

माझ्या नवऱ्यानं आईकडे असं बघितलं जसं बघताना मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मलाही वाटलं, उठून या बाईच्या पाया पडावं. जिची तपासणी उद्या होती, तिनं आज कंपनीच्या माणसाची तपासणी घेतली होती.

ग्वाकनं चिंधी परत ठेवली. आवाज जरा खाली आला. "ठीक. पाणी आमचंच. आता डबा दाखवा."

सासूबाईंनी तो पिशवीत जपून ठेवला होता. ग्वाकनं कडेवरून बोट फिरवलं आणि मान वर केली.

"पांढरा पडदा कुठे आहे?"

"कसला पडदा?" ह्यांनी विचारलं.

"वर चांदीचा कागद असतो, तो काढायचा. खाली पांढरा पातळ पडदा असतो, तो काढायचा नाही. त्यातून ओल आत जाते, पाणी बाहेर येत नाही. तो असता तर डबा वर्षभर उलटा टांगा, सांडला नसता. पण लोक दही उघडावं तसं दोन्ही सोलतात." त्यानं पेन काढलं. "हा सोललेला आहे. कड बघा, साफ आहे. कुणी उघडला?"

कोबीच्या दुसऱ्या दिवशी बाल्कनी ओलीगच्च होती. मी नवीन बेडूक आणला. खांद्यावर फोन, फोनवर नणंद. चांदीचा कागद काढला, खाली पांढरं काहीतरी होतं, तेही ओढून काढलं. सगळं मला दिसत होतं, नखाशी चिकटलेला तो तुकडासुद्धा. आणि फोनवर आम्ही बोलत होतो वृद्धाश्रमाबद्दल.

"आईच लावते हे डबे," हे म्हणाले. त्यांना तसंच वाटत होतं. मीच कधी सांगितलं नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपार झाली होती.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. फार वेळ नाही. मग त्या ग्वाककडे वळल्या.

"मीच उघडला असेल," त्या म्हणाल्या. "आठवत नाही बाबा. वय झालं."

ज्या बाईला माझ्या लग्नात माझ्या माहेरच्यांनी कुठल्या भाजीत मीठ कमी घातलं होतं ते अजून आठवतं, ती म्हणत होती आठवत नाही. उद्या गुरुवार होता. ह्यांनी उसासा टाकला, आणि दोन बशांनी उभं केलेलं सगळं त्या उसाशात खाली बसलं.

"मी उघडला," मी म्हणाले.

"काय?" हे म्हणाले.

"बेडूक मी उघडला. दोन्ही मी सोलले. आईंना माहीतही नव्हतं. आईंनी काही सांडलं नाही आणि त्या काही विसरल्याही नाहीत."

ग्वाकनं लिहून घेतलं. वापरणाऱ्याची चूक, भरपाई नाही. सही मी केली. हे माझ्याकडे बघेचनात, ते बरोबरच होतं. सासूबाईंनी मात्र ग्वाकच्या हातात आंबलेल्या किमचीची दुपदरी पिशवी कोंबली.

"घेऊन जा. ठेवायला फ्रीज नाही आता. डुकराच्या मांसाबरोबर परता, चांगली लागते."

तो पहिल्यांदा हसला आणि कमरेत वाकून नमस्कार करून गेला.

मी बशा धुवायला घेतल्या. सासूबाई आल्या, खण उघडला आणि एक गोल पांढरा तुकडा माझ्यापुढे ओट्यावर ठेवला. धुऊन, वाळवून, घडी न पडू देता जपलेला.

"हा कुठे मिळाला?"

"रद्दीच्या पिशवीत टाकला होतास. प्लास्टिक वेगळं टाकायचं असतं, किती वेळा सांगितलं? खालचा पहारेकरी मला बोलतो. कशाचा आहे ते मात्र आज कळलं, तो पडदा पडदा करायला लागला तेव्हा."

"मग दाखवला का नाहीत? आठवत नाही का म्हणालात?"

"तुझं तोंड बघितलं." त्यांनी माझ्या हातातली बशी काढून घेतली आणि पुन्हा एकदा विसळली, कारण माझं धुणं त्यांना कधीच पटलेलं नाही. "उद्या दहाला जायचंय ना तपासायला? तूही चल."

"येणारच आहे, आई. सोबत."

"सोबत नाही. नाव लाव तुझंही. या घरात कोण काय विसरतं, ते डॉक्टरलाच बघू दे."